जुन्या एसयूव्हीचं ॲव्हरेज पडलंय? आधी चाकं तपासा, मग इंजिन

प्रश्न : माझ्याकडे २०१२ची स्कॉर्पिओ आहे. २.२ लिटर एमहॉक इंजिन, टू व्हील ड्राइव्ह, १ लाख ८० हजार किलोमीटर झालेत. पूर्वी हायवेला बाराच्या आसपास ॲव्हरेज मिळायचं, आता साडेनऊ मिळालं तरी खूप. गॅरेजमध्ये इंजेक्टर आणि टर्बो दोन्ही बदला म्हणून सांगितलं. खर्च मोठा आहे. त्याआधी काय तपासून घ्यावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : इंजेक्टर आणि टर्बो यादीत सगळ्यात शेवटी ठेवा. ॲव्हरेज पडलं की थेट इंजिन उघडायची घाई होते; पण पंधरा वर्षांकडे झुकलेल्या गाडीत डिझेल बऱ्याचदा चाकांपाशीच वाया जात असतं आणि तिथली दुरुस्ती त्या मानाने खूप स्वस्त असते.

साडेनऊ हा आकडा तुम्ही कसा काढलात, तिथून सुरुवात करू. टाकी फुल करून मोजत असाल तर दर वेळी तोच पंप, सपाट जागा, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. डिझेलला फेस येतो. फेस बसला की वरून आणखी थोडं जातं, आणि ‘अजून बसतंय’ म्हणत भरत राहिलं की एका खेपेला दोन लिटरचा फरक सहज पडतो. शंभर किलोमीटर चालवून दहा लिटर भरलंत तर ही दोन लिटरची चूक वीस टक्क्यांची होते. चारशे किलोमीटर चालवून चाळीस लिटर भरलंत तर तीच पाच टक्क्यांवर येते. म्हणून लागोपाठ तीन टाक्या मोजा, सगळ्या किलोमीटरची बेरीज करा आणि तिला सगळ्या लिटरच्या बेरजेने भागा.

मधल्या काळात टायरचा साइज बदललाय का? समजा २३५/७० आर१६ काढून दिसायला दणकट म्हणून २६५/७० आर१६ बसवले, तर चाकाचा व्यास पावणेसहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणजे ओडोमीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०५ किलोमीटरच्या पुढे गेलेली असते. तुमच्या वहीतलं ॲव्हरेज त्या प्रमाणात कमी दिसतं, तो हिशोब आधी दुरुस्त करा. बाकीचं नुकसान मात्र खरं असतं : टायर रुंद आणि जड झाला, गिअरिंग उंच झालं, गावातल्या रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना झाली. मोबाइलच्या जीपीएसवर सलग पन्नास किलोमीटर मोजून ओडोमीटरशी ताडून पाहा.

आता चाकं. वीसेक किलोमीटर चालवा, शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता गाडी आपोआप मंदावू द्या आणि थांबल्याबरोबर चारही चाकांच्या मधोमध हात जवळ नेऊन धग पाहा. डिस्कला हात लावू नका, भाजेल. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तमच. डाव्या-उजव्या जोडीत एक चाक दुसऱ्यापेक्षा वीस-तीस अंशांनी गरम निघालं, तर तिथे ब्रेक धरून राहतोय किंवा बेअरिंग गेलंय.

कोणता भाग धरतोय हे शोधायची पद्धत सोपी आहे, पण मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या. गाडी सपाटीवर, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, पुढचं चाक जॅकवर उचलून खाली स्टँड. चाक हाताने फिरवा. हलकं घासल्याचा आवाज चालतो, पण ढकलल्यावर एक-दोन फेरे व्हायला हवेत. मग एकाने ब्रेकचं पेडल तीन-चार वेळा जोरात दाबून सोडायचं आणि पुन्हा चाक फिरवायचं. घट्ट झालं असेल तर कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर स्क्रू, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू, किंचित सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून राहतोय : ब्रेकचा रबरी होज आतून सुजलाय किंवा मास्टर सिलिंडर ऑइल परत घेत नाही. ब्लीडर उघडूनही चाक घट्टच राहिलं, तर कॅलिपरच जाम आहे. पिस्टनवर गंज आलाय किंवा स्लाइड पिनचं रबर फाटून आत चिखल-पाणी गेलंय. पावसाळाभर मातीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत हे नेहमी सापडतं. पिन काढून स्वच्छ करायच्या, नवीन रबर किट टाकायचं आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. गॅरेजमधलं नेहमीचं पिवळं ग्रीस तिथे चालत नाही. त्याने रबर फुगतं आणि दोन महिन्यांत पिन पुन्हा जाम होते. पिस्टन खड्डे पडण्याइतका गंजला असेल तर तो बदलाच. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल सोडल्यावर पूर्ण परत येते का, तेही बघून घ्या.

टायरची हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालायच्या आत तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी लावलेल्या स्टिकरवरचा. हवा सात-आठ पीएसआय कमी असेल तर ॲव्हरेजचं नुकसान दोनेक टक्क्यांचं असतं, लोक मानतात तेवढं मोठं नाही. टायरच्या कडा मात्र झपाट्याने झिजतात, म्हणून हे सोडू नका. अलाइनमेंट करताना टो (चाकांची पुढची कड) आत की बाहेर, किती, ते आधीचं आणि नंतरचं प्रिंट मागून घ्या.

एवढं झाल्यावर बॉनेट उघडा. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे जाड रबरी पाइप हाताने दाबून पाहा. तेलाने मऊ पडलेला पाइप, क्लॅम्पच्या कडेला ओलसर काळा थर, चढावर दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज आणि मागे काळा धूर, ही फाटलेल्या पाइपची लक्षणं. हवा मोजली जाते एअर फिल्टरजवळच्या सेन्सरवर. त्या हिशोबाने डिझेल सोडलं जातं, पण मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. डिझेल अर्धवट जळून धूर होतो, ओढ कमी पडते, तुम्ही ॲक्सिलरेटर आणखी दाबता. अशा वेळी ‘टर्बो गेला’ हे निदान फार लवकर होतं. पाइपवर टेप गुंडाळू नका, पाइपच बदला. टर्बोच्या ॲक्चुएटरकडे जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्यांना चिरा गेल्यात का, तेही त्याच वेळी पाहा.

यानंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी तापत होती म्हणून कुणीतरी तो कधी काढून तर टाकला नाही ना? उन्हाळ्यात हा ‘इलाज’ सर्रास होतो. थर्मोस्टॅट नसला किंवा उघडा अडकला तर हायवेला वाऱ्याने इंजिन थंडच राहतं, आणि थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जास्त डिझेल देत राहतो. स्कॅनर लावून कूलंटचं तापमान चालत्या गाडीत बघा. पंधरा मिनिटांत ८०च्या पुढे जाऊन तिथेच टिकायला हवं. उताराला ६५-७०वर घसरत असेल तर नवीन थर्मोस्टॅट टाका. गाडी खरंच तापत असेल तर दोष रेडिएटर, वॉटर पंप किंवा फॅनमध्ये शोधा.

क्लचची परीक्षा रस्त्यावरच होते. मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ५०च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारतोय आणि वेग तसाच राहतोय, तर प्लेट घसरते आहे.

इंजेक्टरचा निकाल लीक-ऑफ टेस्टवर लागू द्या. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या जोडून इंजिन ठरावीक वेळ चालवतात. एखादीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं, तर तेवढाच इंजेक्टर बेंचवर तपासायला पाठवा. चारही एकदम बदलायचं कारण या टेस्टशिवाय कुणाकडे नसतं. नवीन बसवताना खालचा कॉपर वॉशर नवा हवा, आणि इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर तो स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तो भरला नाही तर नवा इंजेक्टरही खडखड करतो आणि डिझेल चुकीच्या मापाने सोडतो.

ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (एक्झॉस्टचा थोडा धूर इंजिनात परत सोडणाऱ्या झडपेत) काजळी साचून तो उघडा अडकत असेल तर साफ करून घ्या. पत्रा लावून बंद करायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. गाडीची प्रदूषण नियंत्रण यंत्रणा निकामी करणं कायद्यात बसत नाही.

प्रश्न : नागपूरहून समृद्धी महामार्गाने जाताना माझी जुनी सफारी लिटरला दीड-दोन किलोमीटर कमी देते. रस्ता गुळगुळीत, सिग्नल नाहीत, मग असं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वेगामुळे. समृद्धीवर सपाट भागात कारला १२०ची मर्यादा आहे, म्हणून गाडी सहज ११०ला जाऊन बसते. जुन्या रस्त्यावर तीच गाडी ७०-८०ने जायची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९०चे ११० केले की हा विरोध जवळपास दीडपट होतो. उंच, रुंद आणि उभ्या काचेच्या गाडीला तो सेडानपेक्षा कितीतरी जास्त सोसावा लागतो.

वेळेचा हिशोब मांडून पाहा. ३०० किलोमीटरला ९०च्या वेगाने ३ तास २० मिनिटं लागतात, ११०ने सुमारे २ तास ४४ मिनिटं. या ३६ मिनिटांसाठी किती डिझेल द्यायचं, ते तुम्ही ठरवा. आमचा कल स्पष्टपणे ९०कडे आहे, कारण जुन्या गाडीचे टायरही त्या वेगाला थंड राहतात. सलग तासन्‌तास काँक्रीटवर धावताना कमी हवेचा किंवा सहा-सात वर्षं जुना टायर फुटण्याचा धोका खरा आहे. निघण्याआधी स्टेपनीसह पाचही टायर तपासा. मर्यादेपेक्षा हळू जाताना डावीकडची लेन धरा.

टपावर रिकामा कॅरिअर असेल तर काढून ठेवा. सामान नसलं तरी तो वारा अडवतो. पुढचा लोखंडी बुलबार काढायला तर ॲव्हरेजचं निमित्तही नको. डिसेंबर २०१७मध्येच केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलेलं आहे.

प्रश्न : करूळ घाट उतरताना मी बोलेरो न्यूट्रलला टाकतो. डिझेल वाचतं ना?
— एक वाचक, वैभववाडी

उत्तर : कॉमन रेल इंजिन (डिझेल ईसीयूच्या हुकमाने सोडणारं) असेल तर अजिबात नाही. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि ईसीयू डिझेल सोडणं बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या डीआय इंजिनातही पाय पूर्ण काढल्यावर आयडलच्या वेगाच्या वर गव्हर्नर डिझेल तोडतो, त्यामुळे तिथेही वाचवण्यासारखं काही हाती लागत नाही.

आणि घाटात हे जिवावर बेतू शकतं. इंजिनाचा ब्रेक नाही म्हणजे सगळा भार पेडलवर. पॅड-लायनर तापतात, जुनं ब्रेक ऑइल उकळतं, पेडल थेट खाली जातं. ज्या गिअरने घाट चढता त्याच गिअरने उतरा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं आणि पाण्यामुळे उकळण्याचं तापमान खाली येतं.

प्रश्न : २००८ची पेट्रोल जिप्सी आहे. ई२० पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज कमी वाटतं. काही करता येईल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : थोडा फरक पडणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते, म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. एवढी घट ट्यूनिंगने भरून येत नाही. त्याहून जास्त घट असेल तर दोष गाडीत आहे, आणि तो काढता येतो.

इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, तो आधी पेट्रोल फिल्टरमध्ये अडकतो. फिल्टर बदला. टाकीपासून इंजिनापर्यंतचे रबरी होज वाकवून पाहा. चिरा, चिकटपणा किंवा पेट्रोलचा वास असेल तर इथेनॉल चालणारे होज टाका. हे ॲव्हरेजपेक्षा आगीच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, लांबणीवर टाकू नका. स्पार्क प्लग मॅन्युअलमधल्या गॅपला लावा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर जुना झाला की सुस्तावतो आणि मिश्रणात पेट्रोल उगाच जास्त राहतं. त्याचं व्होल्टेज भराभर वर-खाली होतंय का, ते तपासून घ्या. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असतील तर डांबरी रस्त्यावर ते ‘फ्री’वर ठेवा, नाहीतर पुढचा ॲक्सल विनाकारण फिरत राहतो.

कोकणातल्या पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी ठेवणार असाल तर अर्धी टाकी ठेवून जाऊ नका. दमट हवेतलं पाणी इथेनॉलमध्ये मिसळतं आणि प्रमाण वाढलं की तो थर वेगळा होऊन तळाला बसतो. पंप नेमका तोच ओढतो.

प्रश्न : डिझेलच्या पाइपवर लावायचे मॅग्नेट आणि टाकीत टाकायचं लिक्विड यांनी ॲव्हरेज वाढतं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मॅग्नेटने काहीही होत नाही. लिक्विडमुळे घाणेरडे इंजेक्टर थोडेफार साफ होऊ शकतात, पण निरोगी इंजिनाचं ॲव्हरेज त्याने वाढत नाही. त्या पैशांत डिझेल फिल्टर वेळेवर बदला आणि त्याच्या खालच्या स्क्रूमधून दर महिन्याला पाणी काढा.

प्रश्न : सकाळी इंजिन पाच-दहा मिनिटं आयडलवर गरम करावं का? बंद करतानाही थांबावं का?
— एक वाचक, निफाड

उत्तर : थंडीतही अर्धा ते एक मिनिट पुरे. नंतर दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने, आरपीएम २,०००च्या आत ठेवून चालवा. डिझेल इंजिन आयडलवर लवकर तापत नाही आणि थंडपणी जास्त डिझेल पितं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. ‘जुनं इंजिन आहे’ म्हणून २०डब्ल्यू५० भरलं की सकाळची ही ओढाताण आणखी वाढते. बंद करताना मात्र, घाट चढून किंवा हायवेवरून थेट थांबला असाल तर, मिनिटभर आयडलवर ठेवा. टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल वाहतं राहतं आणि करपत नाही.