सेंट थॉमस कॅथेड्रल आणि भोवतालचा बाजार

प्रश्न : आम्ही नौपाड्यात राहतो. मुले आणि सासूबाई यांच्यासह फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रल आणि त्या परिसरातील बाजार एका दिवसात पाहून होईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नक्की होईल, मात्र कॅथेड्रल आधी आणि बाजार नंतर, असा क्रम ठेवावा. रविवारी सकाळी तेथे प्रार्थना असते, म्हणून शनिवार निवडावा आणि सासूबाईंना बसायला जागा मिळावी यासाठी गर्दी ओसरल्यावर ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल धरावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुढे टॅक्सीने जावे.

गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यांच्या कारकिर्दीत, १६७६ मध्ये, या वास्तूचे काम सुरू झाले. पण ते रखडले आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. पुढे रिचर्ड कॉब या पाद्र्यांनी वर्गणी जमवून काम तडीस नेले आणि १७१८ च्या नाताळात चर्च खुले झाले. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट येई, त्यावरूनच चर्चगेट हे नाव पडले. जुन्या मुंबईतील मैलांचे दगडही येथून अंतर मोजून बसवले होते, हे मुलांना अवश्य सांगावे.

आतल्या संगमरवरी स्मारकांना निवांत वेळ द्यावा. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या स्मारकापाशी तर थांबाच. काशी आणि काठियावाड या प्रांतांतील बालहत्येची प्रथा बंद करण्यासाठी त्यांनी केलेल्या प्रयत्नांचा उल्लेख त्यावर कोरलेला आहे, आणि माझ्या मते साऱ्या कॅथेड्रलमध्ये मुलांशी बोलण्याजोगे याहून मोलाचे दुसरे काही नाही.

समोर हॉर्निमन सर्कलची बाग आहे. पूर्वी हे मोकळे मैदान होते आणि १८४४ मध्ये कुलाब्याला हलेपर्यंत कापसाचा बाजार येथेच, चर्चच्या दारात भरत असे. आज बाजार अनुभवायचा तर टॅक्सीने महात्मा जोतिबा फुले मंडईत, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये, जावे. १८६९ च्या या इमारतीत शिरण्यापूर्वी प्रवेशद्वारांवरची, लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेली शेतकऱ्यांची शिल्पे मान वर करून पाहावीत. घाऊक फळबाजार १९९६ मध्ये वाशीला गेला असला, तरी येथे किरकोळ फळे मिळतात. भाव मात्र दोन-तीन गाळ्यांवर विचारूनच घ्यावेत. संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी परतीची गाडी पकडावी.