व्हॅक्यूम बेडवर जॉब (कापायचा माल) हलतोय? मोठा पंप घ्यायच्या आधी हे वाचा

प्रश्न (पुण्याहून): नमस्कार, आमच्याकडे ४ बाय ८ फुटी सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन) आहे, बेडवर माल धरायला त्याला वॉटर रिंगचा (पाण्यावर चालणारा) व्हॅक्यूम पंप आहे. प्लायचं अख्खं शीट घट्ट बसतं पण ३ बाय ४ इंचाचे पीस कापताना शेवटी सुटतात, कडा जातात, कधी बिटच (कापणारं पातं) तुटतं. काम चालू असताना व्हॅक्यूमचं गेज ३५० मिमीच्या (पाऱ्याच्या) आसपास असतं. मशीनवाला म्हणतो डबल एचपीचा पंप टाका. टाकू का?

उत्तर: आत्ता तरी नका टाकू. पंप जॉबला खाली ओढत नाही हो, तो फक्त खालची हवा काढतो, दाबते ती वरची हवा आणि ती दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलोच दाबते, पंप कितीही मोठा आणा. पुण्याला उंचीमुळे त्यातही ६-७ टक्के कमी, म्हणून तुमचं गेज ७१० च्या पुढे जाणारच नाही, त्यात पंपाचा दोष नाही.

आता हिशोब बघा. ३५० मिमीला दर चौ. सेंमीला पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास दाब मिळतो. अख्ख्या शीटवर तो १४ टन होतो, पण तुमच्या ३ बाय ४ च्या पीसवर जेमतेम ३६-३७ किलो. आणि बिट तर बाजूला ढकलतं, त्याला अडवतं ते घर्षण, म्हणजे त्यातले दहा-बारा किलो कामाला येतात असं धरा. मग पीस सुटणारच ना!

पंप तपासायचा तर पंपाजवळचा व्हॉल्व्ह बंद करून गेज बघा (दोन-चार सेकंदच, वॉटर रिंग पंप बंद लाईनवर फार चालवू नये). काटा झपकन वर गेला तर पंप ठणठणीत आहे, हवा बेडमधून घुसतेय. नंतर बेडवर जाड प्लॅस्टिक अंथरा आणि कागदाची बारीक पट्टी चारही कडांवरून फिरवा, जिथे पट्टी आत ओढली जाते तिथे गळती. बहुतेक वेळा ती बेडवर टाकलेल्या एमडीएफ बोर्डाच्या उघड्या कडांमधून असते, कारण हवा या बोर्डातूनच ओढली जाते. कडांना फेविकॉलचे दोन हात मारा किंवा एज बँड लावा. उलट एमडीएफची वरची-खालची पाठ कडक दाबलेली असते, तिच्यातून हवा नीट जात नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धा-एक मिमी फेसिंग करून (म्हणजे वरचा थर छिलून) घ्या. हे खूप जण फक्त वरच्या बाजूला करतात आणि मग पंपाला नावं ठेवतात. शीट लहान असेल तर उरलेला बेड सनमायकाच्या तुकड्यांनी झाका, बेडला झोन (वेगवेगळे बंद करता येणारे भाग) असतील तर नको ते बंद करा.

आणि कापायचा क्रम बदला. प्रत्येक आरपार काप म्हणजे हवेला नवा रस्ता, म्हणून लहान पीस आधी, शीट अख्खं असताना काढा, मोठे नंतर. पहिल्या पासला खाली अर्धा मिमी साल शिल्लक ठेवा, ती शेवटच्या हलक्या पासमध्ये कापा. अगदीच लहान पीस असेल तर टॅब (पीसला शीटशी जोडून ठेवणारे छोटे न कापलेले तुकडे) सोडा, नंतर पटाशीने तोडून घासून घ्या. अपकट बिट जॉबला वर उचलतं, प्लायला कॉम्प्रेशन बिट (खालून वर आणि वरून खाली, दोन्हीकडून कापणारं) वापरा. एवढं करूनही गेज चढलं नाही तर मग पंपाचं बोलू.

प्रश्न (सावंतवाडीहून): आम्ही लाकडी ट्रे आणि खेळणी करतो, हातातल्या राऊटरने. सी-क्लॅम्प सारखा मध्ये येतो. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरवर जिग करता येईल का?

उत्तर: सँडिंगपुरता येईल. क्लीनर चौ. सेंमीला २०० ग्रॅमच्या आसपास देतो, म्हणजे ३० बाय २० सेंमीच्या ट्रेवर १२० किलो, घासायला भरपूर झाले. पण ओढलेल्या हवेनेच ज्याची मोटर थंड होते तो क्लीनर तोंड बंद करून चालवला तर मोटर जळेल. राऊटरसाठी कॉम्प्रेसर असेल तर त्यावरच व्हेंच्युरी (दाबाची हवा सोडून व्हॅक्यूम तयार करणारा छोटा भाग) बसवा, त्यात फिरणारा पार्टच नसतो, फक्त ती हवा सतत खाते, छोटा कॉम्प्रेसर थांबणार नाही हे धरून चाला. जिगला १८ मिमी प्लाय घ्या, दोन्ही बाजूंना आणि कडांना सीलर मारा, ट्रेच्या आकारापेक्षा थोडी आत खाच पाडा, तिच्यात बंद छिद्रांच्या फोमची दोरी बसवा, हवा ओढायचं भोक मधे. दोरी खाचेच्या वर दीड-दोन मिमीच दिसावी, दाबली गेल्यावर ट्रे प्लायला टेकलाच पाहिजे, नाहीतर तो फोमवर डुलत राहील.

लाईट जाते तिकडे, म्हणून एनआरव्ही (हवा उलटी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि लोखंडी टाकी लावाच. कॉम्प्रेसर थांबला तरी राऊटर थांबेपर्यंत ट्रे धरलेला राहतो. टाकीऐवजी प्लॅस्टिकचा कॅन मात्र नको, चेपतो.

प्रश्न (नाशिकहून): सागाची पातळ फळी व्हॅक्यूमवर धरून सपाट केली, काढली की पुन्हा वाकडी. लाकूड ओलं असेल का?

उत्तर: ओलंही असू शकतं, पण आधी हे बघा. हवेने फळी दाबून सरळ केली, तुम्ही ती सरळ असतानाच वरून छिलली आणि दाब सुटल्यावर ती मूळच्या बाकावर गेली. पोटाची (खोलगट) बाजू खाली ठेवा, मधल्या फटीत पॅकिंग घाला म्हणजे ती दबणार नाही, कडेने क्लॅम्प लावा आणि वरची बाजू सपाट करा. मग ती सपाट बाजू व्हॅक्यूमवर खाली टाकून दुसरी काढा.