एका दिवसात किती पॉईंट बसवायचे?

या वेळच्या पत्रांमधे अर्ध्याच्या वर पत्रं फिरण्याचीच आहेत, गुहा पाहाची, पॉईंटवर जायचं, एका दिवसात घरी परत यायचं. दसरा-दिवाळीच्या मधातला हा मोसमच तसा आहे. त्यातली काही घेते.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातले. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी याले अजून टाईम आहे, मंधात जरा मोकळं सापडलं तर घरच्यायले घेऊन चिखलदरा करावं म्हणतो. क्रुझर सांगून ठेवली आहे. सासूबाईचे गुडघे दुखतात आणि दोन पोट्टे आठ न बारा वर्षांचे, त्यायले गुहाच पाहाची आहे. आमच्या यांचं म्हणणं सकाळी मुक्तागिरी, मग चिखलदऱ्याचे सगळे पॉईंट, मग सेमाडोह-कोलकासले जंगल पाहून रात्री घरी. होते का?
— एक वाचक भगिनी, दर्यापूर तालुका

उत्तर : नाही होत ताई. म्हणजे गाडी फिरून येईल, माणसं फिरणार नाहीत, ते गाडीतच बसून राहतील आणि प्रत्येक पॉईंटवर कोणीतरी ओरडत राहील की चला चला, उशीर होतो. यांना सांगा की सेमाडोह-कोलकास धारणीच्या रस्त्यावर, घटांगच्या पलीकडं आहे, जंगल पाहाचं तर त्याला सकाळ लागते, दुपारून उरलेल्या तासाभरात फक्त सागाची झाडं दिसतात. आणि मुक्तागिरी सुंदरच आहे, ५२ मंदिरं, मधून धबधबा, पण ते सगळं पायऱ्यांवर आहे. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला सकाळी तिथं चढवून उतरवलं की पुढचा सगळा दिवस ती माउली तोंडानं काही म्हणणार नाही आणि गाडीतून उतरणारही नाही. दोन्ही काढून टाका. फक्त चिखलदरा, आणि तिथलेही सगळे पॉईंट नाहीत.

पहाटे पाचला निघा, परतवाड्यात चहा घ्या आणि डिझेल तिथंच भरा, पुढचं पुढं पाहू म्हणू नका. पोरांना गाडी लागत असेल तर उलटीची गोळी घाट लागल्यावर देऊन काही फायदा नाही, अर्धा-एक तास आधी, म्हणजे परतवाड्यालाच, आणि वयाप्रमाणे किती द्यायची ते मेडिकलवाल्याला विचारून. सकाळी पोटभर पोहे चारू नका. धामणगाव गढीकडून वर चढता तेव्हा खालचं ऊन आणि वरची हवा यात फरक जाणवतो, परतवाडा समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास आणि चिखलदरा १११८, म्हणजे पाचेक अंशांचा फरक पडतोच. सासूबाईंना स्वेटर नाही तरी शाल असू द्या.

वर गेल्यावर सगळ्यात आधी पंचबोल. कारण सांगते. समोरच्या दरीत कडे वेगवेगळ्या अंतरावर आहेत, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७० मीटरवरच्या कड्यावर आपटून परत यायला त्याला एक सेकंद लागतो, त्याहून लांबच्या कड्यावरून अजून उशिरा, असे एकामागून एक आवाज येतात म्हणून ते पंचबोल. आता आपली माणसं काय करतात, सगळे मिळून एकदम लांबलचक नाव घेऊन ओरडतात आणि पहिला आवाज परत येतो तेव्हा यांचं ओरडणं चालूच असतं, मग म्हणतात काही ऐकू येत नाही बाप्पा. एकानंच ओरडायचं, छोटंसं, "ओ" किंवा नुसती टाळी, आणि मग गप्प राहायचं. वारा सुटला की मजा जाते, गर्दी झाली की तर जातेच, म्हणून सकाळी. तुमच्या बारा वर्षांच्या पोराच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच द्या, टाळी ते पहिला आवाज किती सेकंद ते मोजू द्या, त्याला १७० नं गुणलं की कडा किती मीटरवर आहे ते निघतं. शाळेत हा धडा आहेच त्यांना.

गुहेचं म्हणाल तर अजिंठ्यासारखं कोरलेलं इथं काही नाही, पण देवी पॉईंटला खडकाच्या कपारीत देवीचं ठाणं आहे, डोक्यावर दगडाचं छत आणि त्यातून पाणी ठिबकत राहतं, या दिवसांत तर भरपूर. पोरांना गुहा म्हणून तेवढी पुरते. फरशी ओली असते, सासूबाईंचा हात कोणीतरी धरा, चप्पल घसरते.

मग जेवण. घरूनच न्या, भाकरी-ठेचा, आलूची भाजी, जे काय, पण उघड्यावर पॉईंटजवळ डबे सोडू नका कारण माकडं पिशवी पाहून येतात, आपण हाकलेपर्यंत पिशवी झाडावर गेलेली असते. गाडीत किंवा झोपडीवजा हॉटेलात बसून खा. वर मिळालंच तर मोथ्याच्या गवळ्यांचा खवा घ्या, तो मात्र पिशवीत लपवून.

दुपारून दोन गट पाडा. ज्यांना चालवतं ते पोरांना घेऊन गाविलगडावर, बाकीचे तलावाकाठी सावलीत. किल्ला फार मोठा आहे, अख्खा पाहाचा हट्ट करू नका, शार्दूल दरवाज्यापर्यंत गेलात तरी भागतं, त्याच्यावर दोन डोक्यांच्या पक्ष्याचं, गंडभेरुंडाचं शिल्प आहे, पोट्ट्यांनाच शोधू द्या. आणि त्यांना हे सांगा की १५ डिसेंबर १८०३ ला हा किल्ला इंग्रजांनी घेतला तेव्हा त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता, तोच पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मधे वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. नेपोलियनचं नाव पोरांना माहीत असते, पण तो माणूस आपल्या अमरावती जिल्ह्यात लढून गेला हे कोणी सांगत नाही.

भीमकुंड शेवटी. भीमानं कीचकाला मारून तिथं फेकलं आणि मग हात धुतले अशी गोष्ट आहे, पोरं खूष. पण कड्याच्या टोकावर जाऊन सेल्फी बिल्फी नाही, पावसाळ्यानंतर काठावरच्या मातीखाली आधार राहिलेला नसतो आणि वरून ते दिसत नाही. आणि साडेचारला गाडीत. ऑक्टोबर अखेरीस पावणेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, घाट उजेडात उतरलेला बरा, संध्याकाळी अस्वल आणि रानगवे रस्त्यावर येतात. यांनी सनसेट पॉईंटचं काढलं तर म्हणा पुढच्या वेळी मुक्काम करू.

प्रश्न : आमचं गाव वरुड तालुक्यात, सालबर्डी आम्हाले जवळच. महाशिवरात्रीला गर्दीत गेलो होतो, आत महादेवाजवळ नीट थांबताच आलं नाही. आता आडदिवशी आईले न भाचीले घेऊन जातो. आई म्हणते त्या गुहेतून थेट पचमढीले निघता येते. खरं आहे काय? अजून आजूबाजूच्या डोंगरात गुहा आहेत म्हणतात, तिकडं जावं का?
— एक संत्रा बागायतदार

उत्तर : भाऊ, आईंची गोष्ट आपल्या भागात सगळ्याच आयांनी सांगितलेली आहे, भस्मासुर मागं लागला, महादेव सालबर्डीच्या गुहेत शिरले आणि पचमढीला निघाले. पचमढी तिथून सरळ रेषेत मोजली तरी शंभर किलोमीटरच्या वर आहे, आणि तेवढं भुयार काही कोणी चाललेलं नाही. पण गोष्टीच्या बाजूनं एक सांगते, आपला सातपुडा इकडं सगळा काळ्या बसाल्टचा, सालबर्डीला मात्र त्याच्या खालचा जुना वालुकाश्म वर उघडा पडला आहे, आणि पचमढीचे डोंगरही वालुकाश्माचेच, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातले. म्हणजे खालून दगडाचं नातं आहे म्हणा ना. आईंना हे सांगाल तर त्या म्हणतील, पाहा, मी काय म्हणत होते.

आडदिवशी जाताय ते छान. मोबाईलच्या टॉर्चच्या भरवशावर जाऊ नका, वेगळी बॅटरी घ्या, आणि एक नाही दोन. वटवाघळं असतील तर त्यांच्या अंगावर उजेड मारायचा नाही, हुल्लड करायची नाही. आत दम कोंडल्यासारखं वाटलं, डोकं जड झालं तर पुढं जायचं नाही, मागं फिरायचं, देव बाहेरूनही पावतो.

आजूबाजूच्या अनोळखी गुहा मात्र सोडा. तिकडं धारूळच्या अंबादेवीच्या बाजूला जुनी रंगवलेली चित्रं असलेले खडक आहेत, ते २००७ मधे अमरावतीच्याच हौशी निसर्गप्रेमींनी उजेडात आणले, पण ते पाहाचे तर माहितगार माणूस घेऊन, चित्राला हात न लावता, पाणी मारून फोटो न काढता. बिनओळखीच्या कपारीत दुपारी अस्वल झोपलेलं असू शकते, आणि अस्वल दचकलं की पळत नाही, अंगावर येते. आणि दुसरं आग्या मोहोळ. कड्याच्या छताला काळ्या पदरासारखं लटकलेलं दिसलं की तिथं अगरबत्ती नाही, बिडी नाही, चूल तर नाहीच, डोक्याला सेंट लावून जायचं नाही, भाचीला दगड मारू देऊ नका. तरीही माशा उठल्याच तर चेहरा आणि डोकं ओढणीनं झाकून पळायचं, दूरवर, गाडीत किंवा घरात शिरेपर्यंत. थांबून हात हलवत बसायचं नाही. पाण्यात उडी मारायची नाही, माशा वर थांबतात. काटा नखानं किंवा कार्डानं खरडून लवकर काढायचा. खूप डंख बसले असतील, ओठ सुजले, श्वास लागला तर १०८ ला फोन करा आणि निघा.

प्रश्न : मी शिक्षक आहे, आमगाव तालुक्यात. सुटीत मुलांना कचारगड दाखवायचा विचार आहे, घरचीच मंडळी. तिथं पिकनिक करता येते का? यात्रेत जावं की आडदिवशी?
— एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, फिरायला जा, पिकनिक नका करू. कचारगड गोंडी समाजाचं श्रद्धास्थान आहे, पारी कुपार लिंगोनं गुहेत कोंडलेल्या मुलांना सोडवलं ती कथा इथलीच, माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून लोक येतात. यात्रा पाहायला म्हणून जरूर जा, तो मोठा अनुभव आहे, नाच-गाणं-ढोल सगळं, पण लहान लेकरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर आडदिवशीच बरं. तेव्हा गुहा कळते. आत उभं राहून वर पाहिलं की छताला भोक आहे, तिथून उजेड खाली पडतो, आणि आपण केवढ्या मोठ्या दालनात उभे आहोत ते तेव्हा लक्षात येते. माणसानं कोरलेली नाही ही, निसर्गानंच केलेली.

धनेगावहून वर पायी जायचं आहे, दगडी चढ आहे, पाणी प्रत्येकाचं वेगळं घ्या. गाडी नसेल तर गोंदियाहून डोंगरगडकडं जाणाऱ्या लोकलनं दरेकसा स्टेशनला उतरता येते. गावातलाच कोणीतरी बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे नीट द्या, कथा त्याच्याच तोंडून ऐका, मुलांना तुम्ही वाचून दाखवण्यापेक्षा ती जास्त लक्षात राहील. तिथं दारू-कोंबडीची पार्टी करणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत, तुम्ही तसे नाही हे पत्रावरूनच दिसते.

प्रश्न : विदर्भात वेरूळसारखी कोरलेली लेणी आहेत का हो? संभाजीनगर लय लांब पडते.
— एक वाचक, वरोरा

उत्तर : वेरूळसारखी नाहीत, पण तुमच्या शेजारीच भद्रावतीला विजासन आहे, आणि वरोऱ्याच्या माणसानं ते पाहिलं नसेल तर काय म्हणावं! बौद्ध लेणी आहे, एक ओसरी सरळ डोंगराच्या पोटात ७१ फूट जाते आणि टोकाला बुद्धाची मोठी मूर्ती. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, डोळे जुळू द्या, बॅटरी लगेच लावू नका. चढ नसल्यासारखाच, आजी-आजोबांना चालते. अकोल्याकडचे असाल तर पातूरला आहेत, लहान आहेत, तासाभरात होतात, बाळापूरचा किल्ला जोडून घ्या.

प्रश्न : पॉईंटवर गवतात चादर टाकून बसू नका, चिलटांनी ताप येतो असं कोणीतरी सांगितलं. अफवा का?
— एक आई, काटोल तालुका

उत्तर : अफवा नाही, पण ती चिलटं नव्हेत. स्क्रब टायफस म्हणतात त्याला, गवत-झुडपातल्या बारीकशा किड्याच्या पिल्लानं चावून होतो, २०१८ मधे नागपूर आणि आजूबाजूला बरेच पेशंट निघाले होते. पावसाळ्यात आणि त्याच्या मागून दोन महिने जास्त. गवतात बसूच नये असं मी म्हणणार नाही, पण जाड चटई टाका, पोरांना फुलपँट, पायात मोजे, कपडे गवतावर वाळत घालू नका, आणि घरी आल्यावर कपडे लगेच धुवायला टाकून गरम पाण्यानं साबण लावून अंघोळ. नंतर दोन आठवड्यांत ताप आला, डोकं ठणकलं, तर काखेत, कमरेत, मांडीच्या सांध्यात सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली आहे का ते पाहा. नसली तरी डॉक्टरला स्वतःहून सांगा की आम्ही डोंगरात गवतात बसलो होतो. वेळेत कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, आणि ते सांगितलं नाही तर डॉक्टर आधी डेंगू-मलेरियाच शोधत बसतो.