बांगडी दोन-सहाचीच होती

प्रिय मावशी,

मला एकतिसावा आठवडा चालू आहे. पहिलीच वेळ. रविवारी मैत्रिणींनी मला न सांगता माझं डोहाळजेवण केलं. 'सोसायटीच्या हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन आहे' म्हणून नेलं. दार उघडलं तर आत चंद्रकोरीचा झोपाळा, निळे पडदे, छताला दिव्यांच्या माळा आणि सगळ्या जणी निळ्या साड्यांत. 'चांदण्यातलं' अशी थीम. मी आपली घरच्या कुर्त्यात, पायात नवऱ्याच्या चपला, कारण माझ्या हल्ली होत नाहीत. सासूबाईंना ऐन वेळी कळवलं म्हणून त्या रुसल्या. 'हे थीम-बीम आपल्यात नसतं' म्हणाल्या.

पण माझा राग आहे तो ज्या मैत्रिणीनं हे सगळं ठरवलं तिच्यावर. पंधरा वर्षांची मैत्री, आणि तिला माझं माप कळू नये? हिरव्या बांगड्या हातात चढेनात. माझ्याच कपाटातली दोन-सहाची एक मापाला नेली होती म्हणे, तरी. साबण लावून चढवायला गेली तर एक वाढली, मला कापलं आणि सासूबाईंचा चेहरा पडला. वर 'फारच लाड चाललेत वाटतं' असंही कुणी तरी म्हणालं. फोटोंत माझा चेहरा इतका सुजट आलाय की मीच मला ओळखलं नाही, आणि तेच फोटो तिनं स्टेटसला ठेवले. त्या माळांच्या लखलखाटानं डोकं चढलं ते अजून उतरलेलं नाही. घरी येऊन दिवे मालवून पडले तरी डोळ्यांपुढे काजवे. आज बुधवार, मी तिचे फोन उचलत नाही. मैत्रीतही मर्यादा असते हे तिला ठामपणे कसं सांगू?

– चांदणी, वाकड

*

चांदणी, पोरी, उठ आणि आत्ता दवाखान्यात जा. पुढच्या तपासणीची तारीख कधीची का असेना, तिची वाट बघू नकोस. बीपी मोजून घे आणि लघवी तपासून घे. हे उत्तर पुरं वाचायला थांबू नकोस, उरलेलं रिक्षात वाच.

तुझी मेल दुपारी आली. हेच मी तुला लगेच लिहून पाठवलं. दोन तास झाले, तुझं उत्तर नाही आणि पत्राखाली फोन नंबर नाही. म्हणून रविवारची वाट न बघता हे आजच देते आहे. वाकड भागात कुणाच्या ओळखीची सातव्या-आठव्या महिन्याची मुलगी असेल, तिचं रविवारी चांदण्यातलं डोहाळजेवण झालं असेल, तर तिच्या दाराची बेल वाजवा.

आता ती बांगडी. तू पत्रात ती मैत्रिणीच्या चुकीचा पुरावा म्हणून लिहिलीस. मी ते वाक्य तीनदा वाचलं. तुझ्याच कपाटातली दोन-सहाची बांगडी तिनं मापाला नेली, म्हणजे अंदाजानं आणलेल्या नाहीत. तुझ्या नकळत तुझं कपाट उघडून, एक बांगडी रुमालात गुंडाळून ती कासाराकडे गेली असणार. नवी बांगडी जुनीला लावून बघितली असणार. माप बरोबरच होतं. बांगडी दोन-सहाचीच होती, हात दोन-सहाचा राहिला नव्हता.

काच खोटं बोलत नाही. गजऱ्याचा दोरा सैल करून बांधता येतो, साडीच्या निऱ्या कमी-जास्त करता येतात, चपला नवऱ्याच्या घालता येतात. काचेच्या बांगडीला सैल होता येत नाही, म्हणून ती तिथे अडली. एवढ्या बायका जमल्या होत्या, साबण शोधून आणला, फुंकर घातली, चेष्टा केली. 'हिचा हात इतका कशानं सुजला?' असं एकीच्याही तोंडून आलं नाही. तुझ्याही नाही, आणि त्याचा मला राग आला आहे. तू शिकलेली मुलगी आहेस. चपला होत नाहीत, चेहरा ओळखू येत नाही, तीन दिवस डोकं उतरत नाही, अंधारात काजवे दिसतात, हे सगळं तू एकाच पत्रात लिहिलंस आणि त्यातून काढलंस काय, तर मैत्रीच्या मर्यादा.

दिव्यांच्या माळा हॉलमध्ये राहिल्या गं. त्या तुझ्या मागोमाग घरी आल्या नाहीत. दिवे मालवल्यावरही डोळ्यांपुढे चमकत असेल तर तो लखलखाट माळांचा नाही.

गरोदरपणात पाय सुजतात, ते बहुतेकींचे सुजतात. पण हात आणि चेहरा असे थोड्या दिवसांत सुजणं, सोबत न उतरणारी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे ठिणग्या, हे एकत्र आलं की विसाव्या आठवड्यानंतर आधी एकच गोष्ट बघायची असते: बीपी वाढलाय का, आणि लघवीतून प्रथिनं जाताहेत का. डॉक्टर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. पहिलटकरणींत तो जास्त आढळतो. १४०/९० किंवा त्यापुढे आकडा गेला की दखल घ्यायची, १६०/११० झाला तर तासाभराचीही ढिलाई नाही. उजव्या बरगडीखाली दुखत असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर तेही दारातच सांग. मागच्या तपासणीत बीपी ठीक होता हे मला सांगू नकोस. तो चार दिवसांतही चढतो. रक्ताचीही तपासणी करतील, करू दे. ठेवून घेतो म्हणाले तर राहा. बीपीची औषधं असतात, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन असतं, बाळाला आणखी किती दिवस आत ठेवायचं हे ते ठरवतात. वेळेत गेलेल्या बायका यातून बऱ्या होऊन बाळ घेऊन घरी येतात.

घरी अळणी जेवण सुरू करू नकोस, धन्याचं पाणी पीत पाय वर करून पडून राहू नकोस. त्यानं हा बीपी उतरत नाही, फक्त वेळ जातो.

मी इतकी घायकुतीला का आले ते सांगते. माझ्या मावसबहिणीच्या आठव्या महिन्यात बोटातली अंगठी निघेना. बोट निळं पडायला लागलं म्हणून तिला सोनाराकडे नेलं. त्यानं फार जपून, कातडीला न लागता अंगठी कापून दिली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. 'अंगावर बाळसं चढलंय' म्हणून घरात कौतुक झालं, आणि बीपी कुणी मोजलाच नाही. चौथ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. ती वाचली, बाळ गेलं. ती कापलेली अंगठी तिनं जोडून घेतली नाही. कुंकवाच्या डब्यात ठेवली आहे, दोन टोकं अजून तशीच फाकलेली.

तुझ्या बोटात अंगठी असेल आणि निघत असेल तर जाता जाता काढून ठेव.

सासूबाईंचं एका ओळीत उरकते. बागेतलं, नावेतलं, झोपाळ्यावरचं, चांदण्यातलं डोहाळजेवण आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आलं आहे, तेव्हा थीम आपल्यात नसते असं नाही. आणि बांगडी वाढली म्हणून त्यांच्या मनात काही आलं असेल, तर त्यांना म्हण, 'अपशकुन मोजायचा राहू दे, आई, चला, बीपी मोजून येऊ.' त्या येतील. पाय सुजलेल्या सुनेला एकटी सोडणाऱ्या त्या मला तुझ्या पत्रात कुठे दिसल्या नाहीत.

राहिली मैत्रीण. तिला काय सांगायचं ते तू विचारलंस. मर्यादेचं एक अक्षरही बोलायचं नाही. तिनं छताला माळा बांधल्या, तू आवडीनं घालतेस त्याच मापाच्या बांगड्या शोधल्या, आणि त्या चढेनात तेव्हा तुझा हात हातात घेऊन बसली ती तीच. तीन दिवस ती फोन करते आहे आणि तू उचलत नाहीस. तिनं फोटो स्टेटसला ठेवायला नको होते, हे खरं. त्याचं मला आज काहीही वाटत नाही, आणि तुलाही वाटायचं कारण नाही. उलट ते फोटो डॉक्टरांना दाखव. महिन्यापूर्वीचा तुझा एखादा फोटो शेजारी ठेव. चेहऱ्यात किती फरक पडला ते त्यांना एका नजरेत कळेल.

नवरा कामावर असेल तर तो येईपर्यंत थांबू नकोस. स्कूटर काढू नकोस. जिथे नाव घातलं आहे तिथलं प्रसूतीचं दार रात्रीही उघडं असतं. ते लांब असेल तर जे जवळ आहे तिथे जा. डोकं असह्य झालं, दिसेनासं झालं किंवा श्वास लागला तर १०८ लाव. फाइल, सोनोग्राफीचे कागद आणि आधार कार्ड एका पिशवीत घाल.

आणि त्याआधी तिला फोन कर. म्हण, 'बांगड्या का चढल्या नाहीत ते बघायला दवाखान्यात चाललेय, येतेस?'

पोचलीस की मला कळव. आकडा लिही, वरचा आणि खालचा, दोन्ही.

– तुझी मावशी