टफन्ड काच आपोआप का फुटते?

प्रश्न : बाथरूमच्या पार्टिशनची 8 मिमी टफन्ड काच बसवून दोन वर्षं झाली. परवा रात्री कोणी हातही न लावता ती फुटली. फिटर गीझरच्या वाफेला दोष देतो. खरं कारण काय?

उत्तर : वाफेने ही काच फुटत नाही. ती तापमानातला सुमारे 200 अंशांचा फरक सोसते; साधी काच 40 अंशांच्या आसपासच तडकू शकते.

टफनिंगच्या भट्टीत काच 620 ते 650 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर दोन्हीकडून हवेचे जोरदार झोत मारतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. गाभा मागाहून आकसू लागतो, तेव्हा पृष्ठभाग त्याला पुरतं आकसू देत नाही. म्हणून पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण कायमचा अडकतो. ताकद चार-पाच पट वाढते ती या दाबामुळेच. दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे तुमच्या काचेत 1.6 मिमी. तडा तो ओलांडून गाभ्यात शिरला की सगळी काच क्षणात चुरा होते.

आपोआप फुटण्यामागे बहुतेकदा दोनपैकी एक कारण असतं. पहिलं, बसवताना कडेला लागलेला मार किंवा बिजागरीच्या धातूचा काचेला थेट स्पर्श. दुसरं, काचेतला निकेल सल्फाइडचा बारीक कण. 379 अंशांच्या वर त्याची रचना वेगळी असते. झटपट थंड केल्यावर ती तशीच अडकते आणि पुढे महिनोन् महिने सावकाश बदलत राहते. त्यात कण 2 ते 4 टक्के फुगतो, आणि तो ताणाच्या गाभ्यात असेल तर काच फोडतो. साधी काच हळू थंड होत असल्याने हा बदल कारखान्यातच उरकतो.

चुरा खाली पडला असेल तर छडा लागणं कठीण. तुकडे जागेवर टिकले असतील तर मात्र सगळे तडे जिथून फाकतात ती जागा शोधा. तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे आणि मधल्या रेषेवर ठिपका दिसला, तर संशय कणावरच.

नवी काच ‘हीट सोक’ केलेली मागा. या प्रक्रियेत काच सुमारे 260 अंशांवर दोन तास ठेवतात. सदोष काचा बहुधा तिथेच फुटतात. शंभर टक्के हमी मिळत नाही, तरी धोका खूप घटतो. बिजागरीत गॅस्केट (धातू आणि काचेमधली मऊ पट्टी) हवंच.

प्रश्न : टफन्ड काचेचा जुना पल्ला कापून शेल्फ करता येईल?

उत्तर : नाही. कटरचा चरा गाभ्यात गेला की पल्ला चुरा होईल. कापणं, भोकं पाडणं, कडा घासणं हे सगळं टफनिंगआधीच. 550 अंशांच्या आसपास तापवून अगदी सावकाश थंड केली तर ती पुन्हा साधी, कापता येणारी काच होते. पण त्या खर्चात नवा शेल्फ येईल.