मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने अंतर किती आणि प्रत्यक्षात किती तास लागतात?

अंतर दाखवणारी संकेतस्थळे १४ तास सांगतात आणि विमान कंपन्या १६ तासांच्या आसपास, तर खरे काय, आणि नवी मुंबईच्या विमानतळावरून निघाल्यास प्रवास कमी होईल का, असे आपण विचारले आहे.

मुंबईच्या सध्याच्या सहार विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. सपाट नकाशा पाहून हा मार्ग अरबस्तान आणि भूमध्य समुद्रावरून जात असेल असे वाटते. परंतु पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो पाकिस्तानवरून वायव्येकडे चढत रशिया ओलांडतो, त्याचा मध्य स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या आखातावर येतो आणि पुढे आइसलँडवरून तो खाली उतरतो. या अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागले की १४ तास येतात. संकेतस्थळे बहुधा एवढेच करतात.

या भागाकारात वारा धरलेला नसतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे जाताना समोरून येतात आणि परतताना मागून ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो, म्हणून परतीचा प्रवास साधारणपणे एक-दोन तासांनी लहान होतो. दुसरी अडचण हवाई हद्दीची. अमेरिकी कंपन्यांना रशियाची हद्द २०२२ पासून बंद झाली आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. अशा वेळी वळसा घालावा लागतो आणि तो वेळापत्रकात दिसतो. थेट विमानाला जाताना १५ ते १७ तास धरावेत.

तिकिटावरील वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. पहाटे २ वाजता निघून त्याच दिवशी सकाळी ८ वाजता पोहोचणारे विमान उन्हाळ्यात साडेपंधरा तास घेते, कारण न्यूयॉर्क तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. नोव्हेंबर ते मार्च हा फरक साडेदहा तासांचा होतो.

वाटेत थांबणाऱ्या विमानांविषयी एक गंमत सांगतो. लंडनमार्गे एकूण अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढते, दुबईमार्गे सुमारे चारशेने. वेळ जातो तो दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात. त्यामुळे तिकीट घेताना मी किलोमीटर पाहतच नाही, मधला थांबा किती तासांचा आहे ते पाहतो.

नवी मुंबई आणि सहार या विमानतळांत हवाई अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे, त्यामुळे साडेबारा हजारांच्या हिशेबात त्याला काहीच अर्थ नाही. फरक पडेल तो घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्याचा. नेरूळ-पनवेलकडच्यांना उलवे (म्हणजे नवी मुंबईचे विमानतळ) जवळचे, आम्हा ठाणेकरांना सहार; मात्र जवळच्या विमानतळावरून निघून वाटेत विमान बदलावे लागणार असेल, तर रस्त्यावर वाचलेला तास त्या थांब्यात सहज खर्ची पडतो.