नेरुळच्या रो-हाऊसचा बाहेरचा गिलावा मे महिन्यात उरकून घ्यावा का?

तुमचं सिडकोच्या काळातलं रो-हाऊस, पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा सुटायला लागलाय, आणि कंत्राटदार म्हणतोय, ‘पाऊस यायच्या आत मे महिन्यात उरकून टाकू.’ माझं उत्तर: नका करू. दिवाळी होऊ द्या, मग हात लावा.

मीही नेरुळलाच राहतो आणि हीच चूक करून बसलोय, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडेही मे महिन्यातच परांची बांधली. गवंडी दुपारी दोनला पश्चिमेच्या भिंतीवर माल थापत होता आणि भिंत इतकी तापलेली की थापलेला माल रंधा फिरवायच्या आत पांढरा पडत होता. पाणी मारायचं तर टाकीत पाणी हवं ना! उन्हाळ्यात ते आधीच जपून वापरायचं. बिगारी सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या भिरकावायचा, झालं क्युरिंग. चौथ्या दिवशी भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. ‘रंगात झाकून जातील साहेब.’ गेल्याही झाकून. जूनच्या पहिल्या सरी आल्या तशी माणसं पेरणीला गावी गेली, मागची भिंत पहिल्याच थरावर राहिली. पुढच्या भिंतीला दहा दिवसांत रंग दिला होता. ऑगस्टमध्ये त्या रंगाला फुगे आले. एकाला खिळा टोचला तर चक्क पाण्याची धार लागली.

सिमेंट वाळलं की पक्कं होतं असं आपल्याला उगाच वाटतं. ते पाण्याशी संयोग होऊन पक्कं होतं. पाणी उडून गेलं की ती क्रिया तिथेच थांबते आणि मग वरून कितीही पाणी ओता, हवी तशी ताकद येत नाही. म्हणून गिलाव्याला किमान 7 दिवस भिंत सतत ओली हवी. हल्ली मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, त्याला 10 दिवस धरा. नोव्हेंबर ते जानेवारीत आपल्याकडे ऊन मवाळ असतं, पाऊस नसतो, ओल टिकते. दुसरं म्हणजे पावसाळाभर पाणी प्यायलेल्या विटांना ऑक्टोबरच्या उन्हात महिनाभर वाळायला मिळतं. आतून ओल्या भिंतीवर गिलावा आणि त्यावर रंग चढवला की ओल बाहेर पडायला वाट शोधते, आणि रंगालाच ढकलते.

मग आत्ताचा पावसाळा काय करायचं? बघत बसायचं. थट्टा नाही करत. भिंत कुठून पिते हे फक्त पावसातच कळतं. पुढच्या वर्षी मी एक केलं: आतल्या भिंतीवर ओलीचा डाग दिसला की पेन्सिलीने त्याची कड आखायची आणि बाजूला तारीख लिहायची. हॉलच्या खिडकीखाली जुलैअखेर एकात एक चार रेघा झाल्या, नकाशातल्या डोंगरासारख्या. घरच्यांनी नावं ठेवली, पण कोडं सुटलं. सगळ्या रेघा खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून निघत होत्या. बाहेर जाऊन बघितलं तर खिडकीखालच्या कडप्प्याचा उतार आतल्या बाजूला! गिलाव्याचा काही दोषच नव्हता. मी अख्खी भिंत दोनदा सोलली असती तरी ते पाणी आलंच असतं.

आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण भिंती आधी तपासा. पण नजर भिंतीच्या पोटाकडे नको, डोक्याकडे हवी. गच्चीच्या कठड्याची वरची बाजू, छज्जा भिंतीला मिळतो तो कोपरा, पाइप भिंतीत शिरतात ती भोकं. छज्ज्याच्या खाली, कडेपासून थोडं आत, बोटभर खाच आहे का बघा. ती नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून थेट भिंतीपर्यंत चालत येतं.

ऑक्टोबरमध्ये थापीच्या दांड्याने भिंत ठोकत जा. टणटण वाजलं तर राहू द्या, डबडब वाजलं तर खडूने चौकोन आखा. तेवढंच काढायचं. सगळी भिंत सोलायचा आग्रह कंत्राटदार धरतो, कारण मोजमाप तिथे वाढतं.

काढताना गंजलेली सळई दिसली किंवा छज्ज्याखाली तपकिरी ओघळ असले तर मात्र गिलाव्याचं काम तिथेच थांबवा. गंज चढला की लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतं. खाडीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. त्यावर नुसता माल थापणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

प्रत्यक्ष कामात गवंड्याच्या मागे उभं राहून बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. 1:4 चा माल (एक भाग सिमेंट, चार भाग रेती), दोन थर, पहिला साधारण 12 ते 15 मिमी, दुसरा 5 ते 8 मिमी. पहिल्या थरावर ओरखडे काढलेले हवेत, नाहीतर दुसरा धरत नाही. वीटकाम आणि काँक्रीटचा बीम जिथे मिळतो तिथे कोंबडी जाळी ठोकल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. उभ्या-आडव्या सरळ भेगा तिथूनच येतात. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारी, म्हणजे दोन्ही सावलीत होतात. वॉटरप्रूफिंगचं द्रव्य सहसा 50 किलोच्या गोणीमागे 200 मिली. डब्यावर लिहिलेलं वाचा, अंदाजाने ओतू देऊ नका. सकाळी कालवलेला माल जेवणानंतर पाणी घालून परत मळताना दिसला तर सरळ फेकायला लावा, वाईटपणा घ्या. आणि खाडीची रेती नकोच. तिच्यातलं मीठ नीट धुतलं गेलं नाही तर भिंतीला लोणा लागतो, शिवाय सळई गंजते ती वेगळीच.

पाणी मारायचं काम दुसऱ्या खेपेला आमच्याकडे आईने घेतलं. खुर्ची टाकून नळी हातात, दिवसातून चारदा, मध्ये गोणपाटं ओली करून लटकवलेली. गवंडी तिला घाबरून असायचा. रंग मात्र 28 दिवसांच्या आत नको, म्हणजे फेब्रुवारी आलाच.

त्यानंतरची देखभाल फार नाही. पावसाळा संपला की उत्तरेकडचं शेवाळ ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने काढायचं. ॲसिड नको, ते सिमेंटच खातं. कठड्यात पिंपळ दिसला तर बोटभर असतानाच मुळासकट उपटा. वरून छाटला तर तो दुप्पट जोमाने येतो.

तुमच्या कंत्राटदाराला मे महिन्यात काम द्यायचंच असेल तर एवढंच द्या: भेगा भरणं, पाइपांच्या कडा बंद करणं, गच्चीवरची पाणी जायची तोंडं साफ करणं. सुटलेला गिलावा डोक्यावर पडेल असा असेल तर तो पाडून घ्या आणि त्या भिंतीला पावसाळ्यापुरती ताडपत्री बांधा. शेजारी हसतील. आमचेही हसले होते, आता त्यांच्याकडे तीच ताडपत्री आहे.